पांढरी अंडी, काळे डोळे

संभाजीनगरला लोक लेणी बघायला जातात. आम्ही गेलो ते माशाची अंडी बघायला. चार दिवसांचे कपडे घेतले होते आणि राहिलो दहा दिवस. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "एवढं काय होतं तिकडे?" म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

मी गुहागरला घराच्या मागच्या पडवीत मासे वाढवते. खायचे नव्हेत, काचेच्या टाकीतले. त्यातही एकच जात, अल्बिनो कोरी. बोटभर लांबीचा, तळाशी राहणारा, मिशीवाला मासा. अंग दुधासारखं पांढरं, डोळे गुलाबी. नऊ वर्षांपूर्वी एका जोडीपासून सुरुवात केली आणि तेव्हापासून माझ्याकडची पिल्लं कुडाळपासून संभाजीनगरपर्यंत गेली. मासे देताना मी प्रत्येकाला सांगायची, "शुद्ध पांढरी जात आहे, डोळे मिटून घ्या."

संभाजीनगरचे रंगनाथराव माझ्याकडून मासे नेणाऱ्यांपैकीच एक. वाळूजच्या एका कारखान्यात हाताला इजा झाली म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि गच्चीवर पत्र्याची खोली बांधून मासे वाढवायला घेतले. माझे सहा मासे त्यांनी नेले त्याला वर्ष झालं होतं. जानेवारीत त्यांचा फोन आला.

"ताई, आठव्यांदा अंडी पांढरी पडली."

फळलेलं अंडं एका दिवसात मधासारख्या रंगाचं होतं. न फळलेलं पांढरंफटक पडतं आणि त्याच्यावर बुरशी धरते. आठ वेळा अंडी आणि पिल्लू एकही नाही.

"पाणी बघितलंत का?" मी विचारलं.

"समदं बघितलं. पाणी बदललं, टाकी बदलली. तुम्ही एकदा येऊन बघता का? मी तुम्हाला दोष देत नाय."

त्यांनी दोष दिला असता तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. आता जावंच लागणार होतं. मी माझ्याकडचे चार धट्टेकट्टे नर प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत घातले, पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या, आणि नवऱ्याला म्हटलं, चला. ते निवृत्त विज्ञान शिक्षक. गावात सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही. माझ्या माशांत त्यांना फारसा रस नाही, पण मला एकटीला एवढ्या लांब पाठवायचीही त्यांची तयारी नव्हती.

जाताना माझ्या पोटात एक गोष्ट होती, ती मी त्यांनाही कधी सांगितली नव्हती. ती पुढे येईलच.

पडेगाव

छावणीच्या पुढे वेरूळच्या रस्त्याला पडेगाव लागतं. रंगनाथरावांचं घर तिथं. बाहेर बाजेवर त्यांचे वडील, आप्पा, बसले होते. ऐंशीच्या घरातले, डोक्याला लाल पटका. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आता कळप पुतण्याकडे असतो. रंगनाथरावांची बायको सुमन दारात आली आणि म्हणाली, "या ताई, दमला असाल."

आमच्याकडे बाहेरून आलं की पायांवर पाणी घेतल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. दाराशी निळा पिंप होता, वर तांब्या होता. सरांनी सवयीने भडाभडा सात-आठ तांबे पायांवर ओतले, तोंड धुतलं, माझ्याही पायांवर ओतलं. सुमन बघत राहिली. आप्पा मात्र म्हणाले, "पाव्हणं, ते माशांचं पाणी व्हतं."

मग कळलं. तिथं नळ पाच-सहा दिवसांनी येतो, कधी आठवड्यानेही. आला की दीड-दोन तासांत घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. माशांसाठी दोन पिंप वेगळे, त्यांतलं पाणी मुरवायला ठेवलेलं. ते सगळं पाणी सुमन बादलीनं जिना चढून वर नेते, कारण रंगनाथरावांचा उजवा हात जड उचलू शकत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या विहिरीला बारमाही पाणी. टाकीतलं अर्धं पाणी मी रोज सुपारीच्या बुंध्याला सोडते. आणि इथं माझ्या माशांच्या आठ वेळच्या वांझ अंड्यांपायी या बाईने किती बादल्या चढवल्या असतील, त्याचा हिशेब मी करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

वरची खोली नेटकी होती. गप्पी, मॉली, एंजल, सगळ्यांची पिलावळ मजेत. फक्त माझ्या पांढऱ्या माशांच्या टाकीत काचेला चिकटलेली कापसाच्या बोळ्यांसारखी अंडी.

"जेवून घ्या," रंगनाथराव म्हणाले. "ह्यांच्याकडं रिकाम्या पोटी बघवत नाय."

ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. सरांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि भातासाठी इकडेतिकडे बघितलं. मग विचारलं, "इथं ताजे मासे मिळतात का हो?" घरात दीडशे मासे असताना हा प्रश्न! रंगनाथराव हसत म्हणाले, "मिळतात की. पण पाळायला लागल्यापासून मला तोंडात घालवत नाय."

नळाचा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. सर पहिल्या दिवशीच्या चुकीची भरपाई म्हणून दीड तास पाइप धरून उभे होते. माझे चार नर आम्ही त्या टाकीत सोडले होतेच. ताजं गार पाणी घातलं की कोरींना पावसाळा आल्यासारखं वाटतं आणि मादी अंड्यावर येते. तसंच झालं. दुपारपर्यंत एका मादीने काचेवर पन्नासेक अंडी चिकटवली. मादी दोन-चार अंडी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरते, जागा शोधते, चिकटवते आणि पुन्हा नराकडे जाते. माझे नर मात्र गोंधळल्यासारखे इकडेतिकडे फिरत होते. पांढऱ्या माशांना उजेडात नीट दिसत नाही, म्हणून मी टाकीवर गोणपाट टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट उचललं. पन्नासच्या पन्नास पांढरी.

रंगनाथराव एवढंच म्हणाले, "नववी खेप." मी खाली येऊन बाजेवर बसले. सर शेजारी येऊन बसले.

छावणीचा बाजार

त्याच दिवशी छावणीत जनावरांचा बाजार होता. पुतण्यासाठी मेंढा बघायला आप्पा निघाले होते. मला तसं बसलेलं बघून म्हणाले, "चल पोरी, बसून काय व्हतंय?" आम्ही तिघंही त्यांच्यासोबत गेलो.

बाजार प्रचंड होता. बैल, म्हशी, शेळ्या, चहाच्या गाड्या, आणि एकमेकांच्या बोटांवर रुमालाखाली भाव ठरवणारी माणसं. आप्पांनी एक मेंढा पसंत केला. दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, खालून चाचपलं. सगळं चांगलं होतं. मग विकणाऱ्याला विचारलं, "कुठला हाय?"

"वैजापूरकडचा. तुमच्याच पुतण्याच्या मेंढवाड्यातून बाप आणला व्हता ह्याचा."

आप्पांनी लगेच हात काढला. "मंग नको."

"आवं, पर जनावर बघा की!"

"जनावर झ्याक हाय. पर नको."

मी विचारलं, "आप्पा, एवढा चांगला मेंढा का सोडलात?"

"आमचंच रगत हाय त्यात. दोन-तीन वर्सं झाली की मेंढा बदलायचा असतो. नायतर त्यो आपल्याच लेकीबहिणींवर पडतो. पहिल्यांदा काय कळत नाय. मग कोकरं बारकी व्हतात, मग मरतात, मग मेंढ्या गाभणच राहत नाय." ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या माशांत बाहेरचं रगत कधी घातलंस?"

त्या गोंगाटात सर आणि रंगनाथराव दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "एकदा. आणि तेच मी कुणाला सांगितलेलं नाही."

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे पावसात चार दिवस वीज गेली होती. हवेचे पंप बंद पडले. पडवीतले जवळपास सगळे मासे मेले, एकाच विणीतले पाच उरले. सर तेव्हा बहिणीकडे होते. मी घाबरून चिपळूणच्या एका दुकानातून चार पांढरे मासे आणले आणि त्यांच्यात सोडले. नंतर बघितलं तर त्यांतल्या दोघांची तोंडं वेगळी, अंगाची ठेवण वेगळी. कोरीच्या दुसऱ्या एका जातीतही पांढरे मासे असतात, ते यांच्यासारखेच दिसतात. दिवाळीपर्यंत ते चारही गेले. पण मधल्या काळात दोनदा अंडी पडली होती आणि त्यांचा बाप कोण, हे मला माहीत नव्हतं. त्याच पिल्लांची पुढची वीण दर वर्षी कमी कमी फळत होती, तरी मी ती 'शुद्ध जात' म्हणून सगळ्यांना देत होते.

"घोडा आणि गाढवाचं खेचर होतं ना, तसं झालंय," मी म्हणाले. "मी तुम्हाला वांझ संकर दिला, रंगनाथराव. नऊ वेळा अंडी गेली ती माझ्यामुळं. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही."

रंगनाथरावांनी चिडावं असं मला मनापासून वाटत होतं. ते विचारात पडले होते. मग म्हणाले, "ताई, त्या पिल्लांत एखादं तपकिरी निघालं व्हतं का?"

"नाही. सगळी पांढरीच."

"एक बी नाय?"

"एकही नाही."

"मंग ते नाय झालं." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मी एकदा मुद्दाम त्या दोन पांढऱ्या जाती एकत्र घातल्या व्हत्या. समदी पिल्लं तपकिरी आली. आईबाप दोन्ही पांढरे आणि लेकरं तपकिरी! त्यांची अंडी मात्र पुढं कधी फळली नाय. तुमच्यात तसं झालं असतं तर तपकिरी दिसलं असतं."

सर पहिल्यांदाच मध्ये बोलले. "बरोबर आहे. दोघांचा पांढरेपणा वेगवेगळ्या कारणाने आला असेल, तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. अगदी खात्रीने नाही म्हणता येणार, पण बहुतेक तुझी जात मिसळलेलीच नाही."

"मग अंडी का जातात?"

उत्तर आप्पांनी दिलं. "अगं, तेच तर मघापासून सांगतोय. एकाच वाड्यातला मेंढा."

एका जोडीपासूनची नऊ वर्षं आणि मधे उरलेली पाच भावंडं. मी मिसळल्याच्या भीतीने चार वर्षं झोप घालवली होती आणि दोष होता तो न मिसळल्याचा. मला तिथंच, त्या शेणमातीत, मोठ्याने हसू आलं. मेंढेवाला घाबरून बघायला लागला.

शहागंज

घरी आल्यावर रंगनाथरावांनी शंका काढली. "दुकानातले पांढरे कोणच्या जातीचे, कुणाच्या रगताचे, कळायचं नाय. नवा नर घालायचा तर तपकिरीच घ्यावा लागणार. पर एकदा तपकिरी घातला की पांढरी जात गेली की हो."

सरांचा चेहरा उजळला. तीस वर्षं फळ्यावर आनुवंशिकतेचा, वाटाण्याचा धडा शिकवला होता, पण कुणी गरजेपोटी विचारलं नव्हतं. त्यांनी सुमनकडून मूठभर ज्वारी आणि मूठभर हरभरे मागून घेतले आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर मांडले.

"प्रत्येक माशाजवळ दोन दाणे. एक आईचा, एक बापाचा. पांढऱ्या माशाजवळ दोन्ही ज्वारीचे. तपकिरीजवळ दोन्ही हरभऱ्याचे. पिल्लाला दोघांकडून एकेक मिळतो. मग काय झालं?"

"एक ज्वारी, एक हरभरा," सुमन म्हणाली.

"हरभरा असला की मासा तपकिरी दिसतो. म्हणून पहिली पिल्लं सगळी तपकिरी. आता ह्यांचीच आपसात वीण घ्या."

सुमनने भाकरीचं पीठ तसंच ठेवलं आणि दाणे स्वतः मांडले. चार जोड्या झाल्या. चौथीत दोन्ही ज्वारीचे. ती म्हणाली, "म्हंजी पांढरं मेलं नाय. दडलं."

"सुमनताई," सर म्हणाले, "माझ्या वर्गात तुम्ही हव्या होतात."

संध्याकाळी शहागंजला गेलो. घंटाघराच्या जवळच्या गर्दीत, अत्तराच्या आणि कपड्यांच्या दुकानांमधून वाट काढत एका माशांच्या दुकानात पोचलो. दुकानदार चाचांनी मागच्या टाकीतून दोन तपकिरी नर काढले. त्यांना खूप नवल वाटत होतं.

"ये भूरे कू कोन पूछता दीदी? सब सफेद मंगते."

"आम्हाला हेच हवेत."

"ले जाओ, ले जाओ. इनका बी नसीब खुला."

परतताना सरांनी नान-खलिया खाल्ला. पिवळसर तर्रीचं मटण आणि हाताएवढी लुसलुशीत नान. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मासळीची आठवण काढली नाही.

नवा मासा खरं तर पंधरा दिवस वेगळा ठेवायचा असतो. आम्ही नियम मोडला. माझे चारही नर आणि रंगनाथरावांकडचे आधीचे नर दुसऱ्या टाकीत हलवले आणि हे दोघं बिनमोलाचे तपकिरी पाहुणे उरलेल्या दोन माद्यांजवळ सोडले. त्यांना स्वच्छ दिसत होतं. पाच मिनिटांत ते माद्यांच्या मागं होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, पिंपातल्या शेवटच्या गार पाण्यावर, काचेला साठेक अंडी चिकटली.

वेरूळ

आता वाट बघायची होती. सकाळी अंडी मधाच्या रंगाची दिसली, पण मी धसका घेतलेला असल्यामुळे मला ती कधी पांढरट वाटायची, कधी नाही. दर दहा मिनिटांनी मी जिना चढत होते. शेवटी रंगनाथराव म्हणाले, "ताई, तुमच्या बघण्यानं ती उबणार नायत. सुमनला घेऊन वेरूळला जाऊन या."

सुमन लग्न होऊन त्याच रस्त्यावर राहायला आली त्याला बावीस वर्षं झाली. घृष्णेश्वराला दरवर्षी जाते, लेण्यांत मात्र एकदाही गेली नव्हती. "दर्शन झालं की घरी पळायचं असतं," ती म्हणाली. "नळ आला तर?"

कैलास लेण्याच्या अंगणात आम्ही दोघी उभ्या राहिलो. सर कुठल्याशा खांबाजवळ मान वर करून हरवले होते. वरून खाली कोरत आणलेलं एवढं मोठं देऊळ सुमनने कळसापासून पायथ्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "हे फोडताना पाणी कुठून आणत असतील हो पिण्याला?"

मला जे पहिल्या दिवसापासून बोलायचं होतं ते तेव्हा बोलले. "सुमन, माझ्या माशांपायी तुला वर्षभर जिना चढायला लागला. मी आधीच खरं बोलले असते तर इतकं झालं नसतं."

ती सावलीत दगडावर बसली. "ताई, पाण्याचा राग नव्हता आला. ह्यांचा हात गेला तेव्हा हे सहा महिने भिंतीकडं तोंड करून झोपून व्हते. मासे आले तवा उठले. मला भ्या वाटायचं ते येगळंच. सारखी अंडी मरायला लागली आणि हे पुन्हा भिंतीकडं वळले तर? तुम्ही आलात ना, तवाच माझा निम्मा घोर गेला."

आम्ही धपाटे सोडले आणि दह्यासोबत खाल्ले. एक माकड येऊन सरांच्या हातातला धपाटा घेऊन गेलं. सर त्याला शिक्षकाच्या आवाजात रागावले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

डोळे

अंडी पडल्यापासूनचा चौथा दिवस. उजाडलं तसे आम्ही चौघंही वर गेलो. रंगनाथरावांनी भिंग काचेला लावलं, डावीकडून उजवीकडे सरकवलं, परत डावीकडे आणलं आणि माझ्या हातात दिलं.

मधाच्या रंगाच्या त्या टिंबात काहीतरी वळलं. आणि मला दोन काळे ठिपके दिसले. पांढऱ्या माशाच्या अंड्यात असे ठिपके दिसत नाहीत, तिथं डोळे गुलाबी असतात. हे काळेभोर होते. शेजारच्या अंड्यात दोन. त्याच्या शेजारच्यात दोन. बाप लागला होता आणि माझ्या माद्या वांझ नव्हत्या. मी भिंग सरांना दिलं.

सर इतका वेळ वाकून बघत राहिले की मला वाटलं पाठ धरली. मग सरळ झाले. "तीस वर्षं," ते म्हणाले, "मी हे खडूने काढलं."

रंगनाथराव जमिनीवर बसले होते. डाव्या हाताने तोंड झाकून ते हसत होते की रडत होते, ते कळत नव्हतं. सुमनने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि खाली ओरडली, "आप्पा, लागली हो!"

खालून आवाज आला, "मंग! सांगितलं नव्हतं?"

संध्याकाळपर्यंत पहिली पिल्लं फुटली, पापणीच्या केसाएवढी. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. त्या पिल्लांच्या पिल्लांत पांढरी दिसायला वर्ष तरी जाईल. रंगनाथरावांना घाई नाही. परत येताना मी बसमध्ये जी झोपले ती थेट चिपळूणला उठले.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी वही काढली आणि माझ्याकडून मासे नेलेल्या प्रत्येकाला फोन लावायला बसले. वीज गेलेले ते चार दिवस, ते चार पाहुणे मासे, नऊ वर्षांचं एकच रक्त, सगळं सांगायचं आणि तपकिरी नर आणा म्हणायचं. पहिलं नाव कुडाळच्या शोभाताईंचं. एकच घंटा वाजली आणि त्यांनी उचलला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तुमच्याकडची अंडी कशी आहेत, शोभाताई?"

"अहो, माझीही अंडी जातायत," त्या म्हणाल्या. "तीन महिने तुमचा नंबर काढते आणि परत ठेवून देते. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

मग आम्ही पाऊण तास बोललो. त्यात माशांचा विषय पाच मिनिटं झाला असेल.